खाशाबांचा अर्धा तास

खाशाबा जाधव कोण, हे बेळगावात कोणाला सांगावे लागत नाही. ज्या घरातला एक तरी माणूस कधी काळी तालमीत गेला आहे, त्या घरात खाशाबांची गोष्ट असतेच. त्यांच्या जन्मशताब्दीच्या निमित्ताने संकेतस्थळासाठी काहीतरी लिहा, असे कार्यकारिणीने सुचवले तेव्हा मी एवढेच ठरवले की सगळ्यांना पाठ असलेली मिरवणूक थोडक्यात आटोपायची आणि दोन ठिकाणी जरा जास्त वेळ थांबायचे. एक, हेलसिंकीत त्यांना न मिळालेला अर्धा तास. दुसरे, त्यांचा गुडघा. आपल्यापैकी पुष्कळांची नातवंडे आज कबड्डी, फुटबॉल, कुस्ती, बॅडमिंटन खेळतात. त्या घरांना या दोन गोष्टींचा पदकापेक्षाही जास्त उपयोग आहे, असे मला वाटते.

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ चा, कराडजवळच्या गोळेश्वर या लहानशा गावचा. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. पाच मुलांत खाशाबा धाकटे. पाचव्या वर्षापासून वडिलांनीच त्यांना माती अंगाला लावली. आठव्या वर्षी त्यांनी परिसरातल्या नावाजलेल्या पोराला दोन मिनिटांत चीत केले, ही गोष्ट कराडकडे अजून सांगतात. मला त्या दोन मिनिटांपेक्षा आधीची तीन वर्षे महत्त्वाची वाटतात. घरात वडील पैलवान, थोरले भाऊ अंगाने मोठे. अशा घरातले शेंडेफळ रोज पडते. रोज पाठीला माती लागते, रोज उठून पुन्हा सलामी द्यावी लागते. पडणे ही काही आपत्ती नव्हे, तो मेहनतीचा एक भाग आहे, हे पोराला कोणी समजावून सांगावे लागत नाही. जत्रेच्या फडातही हेच. हरलेला पोरगा अंग झटकतो, वस्तादाच्या पाया पडतो आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा हौदा उकरायला हजर होतो.

खेळातल्या मुलांच्या मनाचा अभ्यास करणारे लोक आता सांगतात की मुले दोन तऱ्हांनी खेळतात. काहींचे लक्ष आपण कालच्यापेक्षा आज किती शिकलो याकडे असते, काहींचे फक्त आपण दुसऱ्यापेक्षा वर आहोत की खाली याकडे. जिंकत असताना दोघांत फरक दिसत नाही. हरल्यावर दिसतो. दुसऱ्या तऱ्हेची मुले हरल्यावर सबबी शोधतात, सराव टाळतात आणि चौदा-पंधराव्या वर्षी खेळ सोडून देतात. तालमीतल्या जुन्या वस्तादांनी यावर पुस्तके वाचली नव्हती, पण लहान पोराची जोड कोणाशी लावायची हे त्यांना नेमके कळत असे. सारखे जिंकेल असा जोडीदार नाही आणि सारखा हरेल असाही नाही. आजच्या पालकांना हे शहाणपण कमी पडते, असे मी मैदानाच्या कडेला उभा राहून पुष्कळदा पाहिले आहे. मुलगा अजून चटईवरून उतरलेला नसतो आणि वडील त्याला काय चुकले ते सांगू लागतात.

कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये १९४० ते १९४७ या काळात खाशाबांचे शिक्षण झाले. मधे बेचाळीसची चळवळ आली. सोळा वर्षांच्या या मुलाने भूमिगतांना आसरा देण्याचे, पत्रके पोहोचवण्याचे काम केले. सातारा जिल्ह्यात त्या वर्षी हे काम करणारी पोरे घरोघर होती, त्यामुळे त्याचा फार डांगोरा कोणी पिटला नाही.

मग कोल्हापूर. शाहू महाराजांनी उभारलेले खासबाग मैदान, पेठापेठांतल्या तालमी आणि राजाराम कॉलेज. खाशाबा अंगाने किरकोळ, उंची जेमतेम साडेपाच फूट. कॉलेजच्या वार्षिक स्पर्धेत नाव द्यायला गेले तर क्रीडाशिक्षकांनी त्यांची अंगकाठी पाहून परत पाठवले. खाशाबा थेट प्राचार्यांकडे गेले, परवानगी मिळवली आणि स्पर्धा जिंकून दाखवली. बाबूराव बलावडे आणि बेलापुरे गुरुजी यांच्या हाताखाली त्यांची कुस्ती घडली. ढाक हा त्यांचा हुकमी डाव. प्रतिस्पर्ध्याची मान काखेत पकडून, कंबरेचा झोका देऊन त्याला पलटी घालायचे. ताकदीपेक्षा नेमक्या क्षणाचा हा डाव आहे. लहान चणीच्या पैलवानाने तो का निवडला असेल हे उघड आहे.

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकला ते गेले तेव्हा बावीस वर्षांचे होते. कोल्हापूरच्या महाराजांनी खर्च उचलला. तिथे गेल्यावर पायाखाली लाल माती नव्हती, गादी होती. ज्यांनी कुस्ती फक्त टीव्हीवर पाहिली आहे त्यांना या फरकाचा अंदाज येणार नाही. आपल्या हौद्यातली माती तेल, ताक, हळद, लिंबू घालून मऊ केलेली असते. पाय किंचित रुततो, अंगठ्याने जमीन धरता येते, हाताला माती लावली की पकड घट्ट बसते. कुस्ती सावकाश चालते, खडाखडी होते आणि निकाल चितपटावर लागतो. गादीवर पायात बूट, घामाने निसरडे अंग, घड्याळ आणि गुण. पाठ न लागताही माणूस हरू शकतो, ही कल्पनाच मातीतल्या पैलवानाला परकी. तिथे अमेरिकेचे माजी विजेते रीस गार्डनर यांनी त्यांना गादीच्या कुस्तीचे धडे दिले. खाशाबांनी ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिसला आणि अमेरिकेच्या बिली जर्निगनला हरवले, इराणच्या मन्सूर रईसीकडून हरले आणि फ्लायवेट गटात सहावे आले.

जे तंत्र आयुष्यात प्रथमच पाहिले, त्यात जगात सहावे. दुसरा कोणी या सहाव्या क्रमांकावर उरलेले आयुष्य काढले असते. गावात सत्कार झाले असते, नावापुढे ऑलिंपिकवीर लागले असते. खाशाबांनी परत येऊन मेहनत वाढवली. रोज दोन वेळा चार-चार तास, हजारभर बैठका आणि अडीच-तीनशे जोर असा त्यांचा हिशेब सांगितला जातो. पुढच्या खेपेला ते एक गट वर, बॅन्टमवेटमध्ये, म्हणजे ५७ किलोत उतरले.

इथे खुराकाविषयी दोन शब्द, कारण तालमीच्या खुराकाची शहरात पुष्कळ चेष्टा होते. मेहनतीने स्नायूंच्या तंतूंना बारीक बारीक इजा होते आणि त्या दुरुस्त होताना स्नायू बळकट होतो. दुरुस्तीचे सामान म्हणजे प्रथिने. बसून काम करणाऱ्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे साधारण ०.८ ग्रॅम प्रथिने पुरतात, जबर मेहनत करणाऱ्याला त्याच्या दुप्पट लागतात. सत्तावन्न किलोच्या पैलवानाला म्हणजे रोज नव्वद ग्रॅमच्या आसपास. आता हिशेब करा. दोन लिटर दुधात पासष्ट-सत्तर ग्रॅम प्रथिने, मूठभर बदामात पाच-सहा, दोन अंड्यांत बारा, आणि डाळ-भाकरी वेगळीच. जुन्या वस्तादांच्या थंडाईचा ताळेबंद अगदी बरोबर जुळतो. तुपाचा मात्र या खात्यात एक पैसाही जमा होत नाही, ते निव्वळ इंधन. आज पंधरा वर्षांची मुले हजारो रुपयांचे डबे आणून पावडर ढवळतात आणि रात्री एक वाजेपर्यंत मोबाइल पाहतात. दुरुस्तीचे मोठे काम झोपेत चालते. सामान आणून टाकले आणि गवंड्याला कामच करू दिले नाही, तर भिंत कशी उभी राहणार?

१९५२ च्या निवडीत विघ्न आले. निवड स्पर्धेत निरंजन दास या बंगालच्या पैलवानापेक्षा खाशाबांना एक गुण कमी देण्यात आला. हा अन्याय आहे अशी त्यांची तक्रार होती आणि ती त्यांनी गप्प बसून गिळली नाही. पतियाळाच्या महाराजांपर्यंत दाद मागितली, पुन्हा कुस्ती लावून घेतली आणि काही क्षणांत समोरच्याला चीत केले. प्राचार्यांच्या खोलीत गेलेला तोच मुलगा इथे पुन्हा दिसतो. तक्रार करायची ती रडगाणे म्हणून नव्हे, पुन्हा खेळायची संधी मागण्यासाठी.

निवड झाली, पण पैसे नव्हते. गावाने वर्गणी काढली, दारोदार फिरून पैसे जमवले, तरी भागेना. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले.

माझी नोकरी बँकेत गेली आणि त्यातली बरीच वर्षे कर्ज विभागात. त्यामुळे हा प्रसंग मी नेहमी थोड्या वेगळ्या डोळ्यांनी वाचतो. आम्ही कर्ज देताना दोन गोष्टी पाहायचो, तारण काय आणि परतफेड कशातून होणार. तारण चोख होते, पण ते कर्ज लागणाऱ्याचे नव्हतेच. परतफेडीचा मार्ग विचाराल तर काहीच नाही. त्या काळात ऑलिंपिकमध्ये जिंकणाऱ्याला बक्षिसाची रक्कम नव्हती, नोकरीची हमी नव्हती, जाहिराती तर नव्हत्याच. कोणत्याही शाखाधिकाऱ्याने असा अर्ज नामंजूरच केला असता आणि नियमाने ते बरोबरही ठरले असते. खर्डेकरांनी तो मंजूर केला. सव्वीस वर्षांच्या तरुणाच्या मनावर अशा कर्जाचे काय होत असेल, याचा मी विचार करतो. काहींना असे ओझे झेपत नाही, हरलो तर मास्तरांचे घर जाईल या भीतीने हातपाय गळतात. खाशाबांच्या बाबतीत तसे झाले नाही, याचे श्रेय खाशाबांना आहेच, पण देणाऱ्यालाही आहे. पैसे देऊन निकालाची हमी मागितली, तर मुलगा दबतो. खर्डेकरांनी हमी मागितल्याचे कुठेही ऐकिवात नाही.

जुलै १९५२, हेलसिंकी. खाशाबांनी कॅनडाच्या एड्रियन पोलिकिनला, मेक्सिकोच्या लिओनार्दो बसुर्तोला आणि जर्मनीच्या फर्डिनांड श्मिट्झला हरवले. मग समोर आला जपानचा शोहाची इशी. हा मूळचा ज्युदोचा खेळाडू. युद्धानंतर जपानमध्ये ज्युदोवर बंदी आली म्हणून कुस्तीकडे वळलेला. पंधरा मिनिटे ही कुस्ती चालली आणि खाशाबा अगदी थोडक्यात, एका गुणाने हरले. हाच इशी पुढे सुवर्णपदक घेऊन गेला.

त्यानंतरची हकीकत अशी सांगतात. इशीबरोबरची कुस्ती संपते न संपते तोच खाशाबांना सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेकोवशी लढायला बोलावले गेले. दोन कुस्त्यांमध्ये अर्धा तास विश्रांती द्यावी, असा नियम होता. तो बजावून सांगायला भारताच्या पथकातला एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. खाशाबांना इंग्रजीत वाद घालून नियम पदरात पाडून घेता आला नाही. ते तसेच उतरले आणि हरले. मामेदबेकोवला रौप्य, खाशाबांना कांस्य.

हा अर्धा तास किती मोठा असतो, हे थोडे उलगडून पाहू. पंधरा मिनिटांच्या निकराच्या झोंबीनंतर पैलवानाचे पंजे आणि बाहू सगळ्यात आधी थकतात. पकड सुटू लागते. स्नायूंतला झटक्यासाठी लागणारा तातडीचा साठा पाच-सात मिनिटांत पुष्कळसा भरून येतो, पण साठलेले आम्ल रक्तातून कमी व्हायला अर्धा तास, कधी तासही लागतो. श्वास आणि नाडी खाली येते. हे झाले शरीराचे. मनालाही तेवढाच वेळ हवा असतो. एका गुणाने हरलेली कुस्ती डोक्यात फिरत राहते. कुठे हात उशिरा गेला, कुठे पाय मागे घ्यायला हवा होता. या उजळणीतून बाहेर येऊन समोरच्या नव्या माणसाकडे पाहायला माणसाला वेळ लागतो, आणि जवळ कोणीतरी आपले माणूस लागते. पाणी देणारे, पाठीवर हात ठेवणारे, पुढचा पैलवान कोणत्या अंगाने शिरतो हे सांगणारे. खाशाबांना वेळही मिळाला नाही आणि माणूसही.

अर्धा तास मिळाला असता तर रौप्य किंवा सुवर्ण नक्की होते, असे छातीठोकपणे म्हणणारे लोक आहेत. मी तसे म्हणणार नाही. मामेदबेकोव तगडा पैलवान होता, आणि इशीची कुस्ती तर आधीच होऊन गेली होती. पण नियमाने जे आपले होते ते मागायला आपले कोणी नव्हते, ही गोष्ट हार-जितीच्या पलीकडची आहे. गोळेश्वरच्या शेतकऱ्यांनी रुपया-रुपया दिला, प्राचार्यांनी घर दिले आणि ज्यांना फक्त वेळेवर हजर राहायचे होते ते राहिले नाहीत. सरकारी खर्चाने जाणाऱ्या पथकांविषयी मला एरवी फारशी तक्रार नसते, इथे मात्र आहे.

त्याच ऑलिंपिकमध्ये कोल्हापूरचे केशव मानगावे वरच्या गटात चौथे आले. त्यांचे पदक थोडक्यात हुकले आणि म्हणून त्यांचे नावही विस्मरणात गेले. एका मुलखातले दोन पैलवान एकाच वेळी जगातल्या पहिल्या चारांत होते, एवढे तरी आपण लक्षात ठेवावे.

खाशाबांचे कांस्यपदक हे स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. यानंतर वैयक्तिक पदक मिळाले ते लिअँडर पेसला, १९९६ मध्ये. मधे चव्वेचाळीस वर्षे गेली. कुस्तीत तर २००८ ला सुशीलकुमार येईपर्यंत छप्पन्न वर्षे.

कराड स्टेशनवर त्यांचे स्वागत झाले. १५१ बैलगाड्या, ढोल-ताशे, एरवी पंधरा मिनिटांचा रस्ता आणि त्याला लागलेले सात तास. हे सगळे आपण अनेकदा ऐकले आहे. मला त्याच्या पुढचा भाग आवडतो, जो मिरवणुकीच्या वर्णनात वाहून जातो. गुलाल धुतला गेल्यावर खाशाबांनी कोल्हापुरात कुस्त्यांचे मैदान भरवले, स्वतः लढले, जिंकले, आणि जमलेले पैसे खर्डेकरांच्या हवाली करून त्यांचे घर सोडवले. ज्या कर्जाला परतफेडीचा मार्गच नव्हता, ते असे फिटले. माझ्या नोकरीत मी बुडीत खात्यांच्या पुष्कळ फायली पाहिल्या. पैसे असूनही न देणारे पाहिले. म्हणून मला या फेडीचे अप्रूप वाटते.

१९५५ मध्ये ते मुंबई पोलिसांत सब-इन्स्पेक्टर म्हणून लागले. नोकरी मिळाली, खेळ चालू राहिला, पुढचे ऑलिंपिक मेलबर्नला १९५६ च्या नोव्हेंबरात होते. तीस वर्षांचा अनुभवी पैलवान, गादीची सवय झालेली, तिसऱ्या ऑलिंपिकची तयारी. आणि त्या तयारीच्या दिवसांत गुडघा गेला. मेलबर्नला ते जाऊ शकले नाहीत. (१ नोव्हेंबर १९५६ ला आपले बेळगाव म्हैसूर राज्यात गेले आणि २२ तारखेला मेलबर्नचे उद्घाटन झाले. त्या महिन्यात इथे कोणाचे लक्ष ऑलिंपिककडे असणे शक्यच नव्हते.)

गुडघ्याची दुखापत इतकी वाईट का, हे समजून घेण्यासारखे आहे. गुडघ्यात दोन मोठी हाडे एकमेकांवर टेकलेली असतात आणि त्यांना जागेवर धरतात ते दोरखंडासारखे अस्थिबंध. मधे कूर्चेच्या दोन गाद्या. अस्थिबंध बनलेले असतात मुख्यतः कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे. आपल्या शरीरात सगळ्यात जास्त असलेले प्रथिन हेच. कातडी, हाड, स्नायूंना हाडाशी बांधणारा कंडरा, सगळीकडे तेच. त्याची रचना तीन पदरी दोरीसारखी, एकमेकांत पिळलेली. ही रचना मांडली ती मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्ता यांनी, १९५४-५५ मध्ये. त्यासाठी त्यांनी कांगारूच्या शेपटीतला कंडरा वापरला होता. खाशाबा ज्या वर्षांत मेलबर्नची तयारी करत होते, त्याच वर्षांत मद्रासच्या एका प्रयोगशाळेत ऑस्ट्रेलियातल्याच प्राण्याच्या शेपटीवरून हे गूढ सुटत होते. योगायोगाला अर्थ नसतो, पण गंमत असते.

इतर ठिकाणी कोलॅजन तुटले की रक्त साकळते, त्या गाठीच्या आधाराने पेशी येतात आणि आधी घाईघाईने बारीक, कच्चे कोलॅजन विणतात. नंतर महिनोन्‌महिने ते काढून त्या जागी जाड, पक्के कोलॅजन बसवले जाते. कच्च्या विणीला ओढ बसली की ती पुन्हा तुटते, म्हणून घाई महागात पडते. या विणकामाला प्रथिनांबरोबर क जीवनसत्त्वही लागते, त्याशिवाय दोरीचे पदर एकमेकांना धरत नाहीत. आवळा, पेरू, लिंबू. पण गुडघ्याच्या आतल्या मुख्य अस्थिबंधाची अडचण अशी की तो सांध्यातल्या द्रवात बुडालेला असतो. तिथे रक्ताची गाठ टिकतच नाही, विरघळून जाते. गाठ नाही म्हणजे पेशींना उभे राहायला जागा नाही. कूर्चेच्या आतल्या भागाला तर रक्तपुरवठाच नसतो. अशा ठिकाणी तुम्ही किती दूध प्यालात आणि किती बदाम खाल्लेत, याला अर्थ राहत नाही. सामान भरपूर आहे, पण ट्रक जायला रस्ता नाही.

आज दुर्बिणीने दुसरीकडचा कंडरा घेऊन नवा अस्थिबंध बसवतात. दुर्बिणीतून कूर्चेची पहिली शस्त्रक्रिया जपानमध्ये १९६२ साली झाली, म्हणजे मेलबर्नच्या सहा वर्षांनी. खाशाबांच्या वेळी पैलवानाच्या गुडघ्याला मिळत असे ते हाडवैद्याचे चोळणे, पट्टा आणि विश्रांती. इस्पितळात गेला तर प्लास्टर. आणि गुडघा काही आठवडे न हलवता ठेवला की मांडीचा स्नायू इतक्या वेगाने झिजतो की पाहणाऱ्याला विश्वास बसू नये.

आमच्या गल्लीतला कबड्डी खेळणारा एक मुलगा नुकताच या शस्त्रक्रियेतून गेला. डॉक्टरांनी नऊ महिने मैदान बंद ठेवले. सहाव्या महिन्यात तो पळू लागला तेव्हा घरचे म्हणू लागले, आता बरा झाला, येत्या स्पर्धेला जाऊ दे. फिजिओथेरपिस्ट बाईंनी ठाम नकार दिला. नऊ महिने झाले, मांडीची ताकद दोन्ही पायांची सारखी भरली, सगळ्या चाचण्या पार पडल्या, तरी मुलगा चढाईला गेला की त्या पायावर वळायला कचरत होता. गुडघा बरा झाला होता, भीती राहिली होती. हे नवल नाही. शरीर पूर्ण भरून आलेले असूनही केवळ पुन्हा मोडेल या धास्तीने खेळ सोडणारी मुले पुष्कळ असतात. त्याला बाईंनी हळूहळू, आधी एकट्याला, मग एका गड्यासमोर, मग चौघांसमोर असे वळायला लावले. आता तो खेळतो. १९५६ मध्ये हे सांगणारे, करून घेणारे कोणी नव्हते. तिसाव्या वर्षी, भर उमेदीत, जगातला तिसरा पैलवान गादीवरून उतरला.

पुढची सत्तावीस वर्षे पोलिस खात्यात गेली. खात्याच्या स्पर्धा, तरुण पोलिसांना शिकवणे. बढती बरीच वर्षे रखडली, शेवटी शेवटी सहायक पोलिस आयुक्त म्हणून ते निवृत्त झाले. निवृत्तिवेतनासाठीही त्यांना झगडावे लागले. निवृत्तिवेतनाच्या रांगेत मीही उभा राहिलो आहे, पण माझ्या नावावर ऑलिंपिकचे पदक नव्हते. दिल्लीच्या १९८२ च्या आशियाई स्पर्धांच्या ज्योतयात्रेत त्यांना धावण्याचा मान मिळाला. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ता अपघातात त्यांचे निधन झाले, वय अठ्ठावन्न. अर्जुन पुरस्कार मिळाला तो त्यानंतर सोळा-सतरा वर्षांनी. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी दिल्लीत बांधलेल्या कुस्तीच्या सभागृहाला त्यांचे नाव दिले गेले आणि महाराष्ट्रात १५ जानेवारी हा आता राज्य क्रीडा दिन आहे.

मंडळाच्या सहल समितीला एक सूचना. पुण्याच्या वाटेवर आपण कराडला चहाला थांबतोच. हमरस्त्यापासून गोळेश्वर अगदी जवळ आहे. या वेळी मुलांना घेऊन तासभर तिकडे जावे आणि येताना कृष्णा-कोयनेचा प्रीतिसंगमही पाहावा. कोल्हापूरला थांबणे जमले तर खासबागही. ज्या मुलांच्या गुडघ्याला पट्टा आहे त्यांना पुढची सीट द्यावी.